बाळंतिणीसाठी ॲप करताय? आधी पलीकडे फोन कोण उचलणार ते ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात तुम्ही तिघं मित्र, तिघंही सॉफ्टवेअरमधले. बहिणीच्या बाळंतपणानंतरचे दोन महिने घरात जवळून बघितले आणि वाटलं, यासाठी एक चांगलं मराठी ॲप हवं. दूध पाजल्याच्या नोंदी, बाळाच्या झोपेचा तक्ता, लसींची आठवण, आयांचा गट, चॅटबॉट, रोज मूड विचारणारी स्क्रीन अशी अकरा फीचरांची यादी तुम्ही दिली आहे आणि विचारलंय, 'यातलं आधी काय करू?'

मी बारा-तेरा वर्षं आरोग्याच्या ॲपांचं डिझाइन करते. त्यातली निम्मी वर्षं आई आणि बाळ याच विषयात गेली. मी डॉक्टर नाही. पण बाळंतिणींच्या खोल्यांत बसून पुष्कळ ऐकलंय आणि दोन ॲपं माझ्या हातून सपशेल फसलीही आहेत. त्यामुळे उत्तर लांबेल, चालवून घ्या.

यादी जरा बाजूला ठेवू. बहिणीचं काय झालं ते आठवा. नऊ महिने दर थोड्या दिवसांनी तपासणी, सोनोग्राफी, रक्त, लघवी, वजन. मग बाळंतपण. दोन-तीन दिवसांनी, सिझर असेल तर आणखी काही दिवसांनी, हातात फाइल आणि गोळ्यांची चिठ्ठी देऊन घरी. 'सहा आठवड्यांनी दाखवायला या.' या सहा आठवड्यांत बाळाला लसीला नेतात, वजनाला नेतात. आईला कोण विचारतं? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या सूचनांत बाळंतपणानंतर किमान चार भेटी सांगितल्या आहेत: पहिल्या २४ तासांत, मग ४८ ते ७२ तासांच्या दरम्यान, मग ७ ते १४ दिवसांत आणि शेवटची सहाव्या आठवड्यात. आपल्या सरकारी व्यवस्थेत दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी आशाताई सहा वेळा जाते, ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी नवजात बाळांच्या घरच्या घरी काळजीचं जे काम केलं, त्यातून हे पुढे आलं आणि २०११ पासून देशभराचा कार्यक्रम झाला. आता गंमत बघा. खासगी दवाखान्यात बाळंत होऊन फ्लॅटमध्ये परतलेली तुमची बहीण या जाळ्यात बहुधा सापडतच नाही. गावातल्या बाईच्या दारात निदान आशाताई उभी राहते. कोथरूडमधल्या बाईकडे गूगल आणि सासूबाई.

ही मधली पोकळी हा तुमचा खरा विषय. आणि पोकळी माहितीची फारशी नाही, माहिती रग्गड आहे. 'हे होतंय ते चालेल की आत्ता निघायचं?' याचं उत्तर देणारं माणूस नाही, ही अडचण आहे.

म्हणून स्क्रीन काढायच्या आधी ठरवा, की तिने 'हो, त्रास आहे' असं दाबलं तर पलीकडे फोन कोण उचलणार. हे मी फुकट शिकलेले नाही. काही वर्षांपूर्वी एका ॲपमध्ये आम्ही एडिनबर्ग प्रश्नावली घातली होती. १९८७ ची आहे, बाळंतपणानंतरचं नैराश्य चाचपायला जगभर वापरतात. मागच्या सात दिवसांबद्दल दहा प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, आणि दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल. आम्ही ती छान मऊ रंगांत बसवली. शेवटी एक कार्ड यायचं: 'तुम्हाला मदतीची गरज असू शकते. कृपया डॉक्टरांशी बोला.' एका शुक्रवारी रात्री अडीच वाजता एका बाईने ती भरली. दहाव्या प्रश्नाला शून्य नव्हतं. आम्ही ते पाहिलं सोमवारी सकाळी, चहा पिता पिता, डॅशबोर्डवर. तिचा नंबर आमच्याकडे होता, पण तो फिरवायचा कोणी आणि बोलायचं काय, हे कोणाच्याच कामात लिहिलेलं नव्हतं. एका ओळखीच्या सिस्टरला विनंती केली, तिने दुपारी फोन लावला. सुदैवाने बाईची आई शनिवारी पोचली होती. फॉर्म भरणारी बाई एवढंच म्हणाली, 'मला वाटलं, भरल्यावर कोणाचातरी फोन येईल.'

तेव्हापासून माझा नियम एकच आहे: ज्या उत्तरावर काही करायला माणूस नाही, तो प्रश्न विचारायचा नाही. तुमची मूडची स्क्रीन या नियमात बसत नाही, काढून टाका. पाच चेहऱ्यांपैकी रडका चेहरा दाबणाऱ्या बाईला तुम्ही काय देणार, ध्यानधारणेचा व्हिडिओ? त्यापेक्षा तिसऱ्या दिवशी एक निरोप पाठवा: 'आज-उद्या उगाच रडू येईल, चिडचिड होईल. खूप जणींना होतं. बहुतेकींचं दोन आठवड्यांत निवळतं. त्यानंतरही तसंच राहिलं, किंवा आत्ताच जीव नकोसा वाटत असेल, तर हा नंबर.' नंबर म्हणजे तुमची सिस्टर. ती नसेल त्या वेळी टेली मानसचा १४४१६. मानसिक त्रासात फोनवर बोलण्याची ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं. योग्य दिवशी आलेला एक निरोप रोजच्या पंचवीस प्रश्नांना भारी पडतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

आता काही गोष्टी परिस्थितीवर आहेत. तुम्ही 'नवीन आई' एवढंच लिहिलंय, पण कोणती आई? जिचा स्वतःचा फोन आहे, लॉक तिलाच माहीत आहे, तिला ॲप चालेल. जिथे घरात एकच स्मार्टफोन आणि तो दिवसभर नवऱ्याबरोबर कामावर, तिथे ॲप काढूच नका. तिथे साधा आवाजी कॉल चालतो. मुंबईच्या 'अरमान' संस्थेचं 'एममित्र' बघा, किंवा सरकारचं 'किलकारी', २०१६ पासूनचं: गरोदरपणापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत आठवड्याला एक रेकॉर्ड केलेला कॉल. डाउनलोड नाही, पासवर्ड नाही, वाचता येण्याची अट नाही. ॲपवाल्यांना हे जुनाट वाटतं. मला वाटत नाही.

दुसरी गोष्ट माहेर. पहिलं बाळंतपण माहेरी, हे अजून पुष्कळ घरांत पक्कं आहे. म्हणजे नोंदणी पुण्यात, बाळंतपण बार्शीला, आणि परत यायला तीन-चार महिने. आमच्या दुसऱ्या फसलेल्या ॲपने एका बाईला ताप आल्यावर 'जवळचा दवाखाना' म्हणून दोनशे किलोमीटरवरचं पुण्यातलं नाव दाखवलं, कारण पत्ता नोंदणीच्या वेळचा होता. लसीचं कार्ड एकीकडे, डॉक्टर दुसरीकडे. आता मी प्रत्येक आरोग्य ॲपमध्ये तीन बटणांचा एक प्रश्न घालतेच: 'आत्ता कुठे आहात? सासरी, माहेरी, दवाखान्यात.' लोकेशनची परवानगी मागण्यापेक्षा हे बरं. उत्तर लगेच मिळतं आणि कोणी बिचकत नाही.

'दवाखान्यात' हे तिसरं बटण विसरू नका. बाळ काचेत असतं, आई खाली वॉर्डात टाके सांभाळत बसलेली असते, आणि ॲप तिला 'बाळाला कुशीत घ्या' म्हणून सांगत असतं. जुळी, कमी दिवसांची बाळं यांचंही तसंच. 'बाळ तुमच्याजवळ आहे का?' हे विचारल्याशिवाय बाळाबद्दलचा एकही निरोप सोडू नका.

भाषेवर थोडा जास्त वेळ घालवते, कारण मराठी ॲप म्हणून तुम्ही उतरताय आणि इथेच सगळे घसरतात. आमच्या एका स्क्रीनवर होतं, 'प्रसूतिपश्चात रक्तस्रावाचे प्रमाण नोंदवा'. बारावी शिकलेल्या बाईने ते दोनदा वाचलं आणि नणंदेकडे फोन दिला. नणंद म्हणाली, 'अगं, अंगावरून किती जातंय ते विचारतायत.' मग बाई भडाभडा बोलायला लागली. आपल्या बायका 'अंगावरून जातंय' म्हणतात, लाल की पांढरं ते पुढे सांगतात. 'स्तनपान' नाही म्हणत, 'अंगावर पाजते' म्हणतात. पावडरच्या दुधाला आणि गाईच्या दुधालाही 'वरचं दूध'. 'नैराश्य' हा शब्द तर कोणी स्वतःबद्दल उच्चारतच नाही. 'कशात मन लागत नाही', 'बाळाकडे बघवत नाही', 'कुठेतरी निघून जावंसं वाटतं' असं येतं, तेही चौथ्या-पाचव्या वाक्यात. एडिनबर्गसारखी प्रश्नावली मात्र स्वतः बसून भाषांतरित करू नका. तिचं तपासून पक्कं केलेलं भाषांतरच घ्या, शब्द बदलला की गुणांना अर्थ उरत नाही.

मापंही तिच्या घरातली हवीत. 'तासाभरात पॅड भिजतो का' विचारलं तर जुनं सुती कापड वापरणारी बाई गप्प बसते. म्हणून 'पॅड किंवा कापडाची घडी'. गाठी किती सेंटिमीटरच्या हे कोणी मोजत नाही. 'लिंबाएवढी किंवा मोठी' म्हटलं की कळतं. हा शब्द आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी सुचवला होता. तुमच्या डॉक्टरांकडूनही असं एकेक माप पास करून घ्या.

आता तुमच्या यादीत नसलेली स्क्रीन, जी मी पहिली बांधली असती: धोक्याच्या खुणा. लॉगिन न करता उघडणारी, नेट नसताना चालणारी. आईच्या बाजूला: तासाभरात घडी पूर्ण भिजणं, मोठ्या गाठी पडणं, १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप, घाण वासाचं अंगावरून जाणं, एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं, धाप लागणं, झटके. आणि न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी. ही शेवटची खूण लोक 'जागरणाने होत असेल' म्हणून सोडून देतात, पण रक्तदाब बाळंतपणानंतरही चढू शकतो, गरोदरपणात नीट असला तरी. बाळाच्या बाजूला: अंगावर घेतलं तरी ओढत नाही, मलूल पडलंय, श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, श्वास घेताना छातीत खड्डा पडतो, तळहात-तळपाय पिवळे, अंग गार किंवा तापलेलं, झटके. गुण, टक्केवारी, सौम्य-मध्यम-तीव्र असलं काही नको. दोनच निकाल: 'आत्ता निघा' आणि 'आज फोन करा'. मजकूर स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ या दोघांनी तपासलेला, आणि कधी तपासला ती तारीख खाली छापलेली.

'आत्ता निघा'च्या खाली १०८ चं बटण असेलच. त्याशेजारी आणखी एक ठेवा: 'घरच्यांना पाठवा'. निघायचं की नाही हे बाळंतीण एकटी ठरवत नाही. गाडी काढणारा, पैसे घेणारा, 'सकाळी बघू' म्हणणारा वेगळा असतो. तिच्या नावाने दोन ओळींचा तयार निरोप व्हॉट्सॲपवर गेला, की 'ही घाबरट आहे' हे वाक्य जरा मागे पडतं. आणखी एक बिनखर्चाचं काम: डिस्चार्ज कार्डाचा फोटो काढून त्याच स्क्रीनवर ठेवायची सोय. रात्री दुसऱ्या दवाखान्यात गेल्यावर पहिला प्रश्न 'फाइल आणली का' हाच असतो.

दूध-शी-शूच्या नोंदींबद्दल माझं मत कडक आहे. पहिले दोन आठवडे त्यांचा उपयोग आहे, विशेषतः बाळ कमी वजनाचं असेल किंवा कावीळ असेल तर. बाळ पहिल्या काही दिवसांत थोडं उतरतं आणि साधारण दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर येतं. तोवर दिवसात किती वेळा शू केली एवढी एक गोष्ट मोजली तरी डॉक्टरांना पुरते. वजन वाढायला लागलं की नोंदी आपणहून बंद झाल्या पाहिजेत: 'आता लिहायची गरज नाही.' हे वाक्य दाखवणारं ॲप मी अजून पाहिलेलं नाही, कारण सगळ्यांना रोज उघडणारी माणसं मोजायची असतात. 'सलग सात दिवस नोंद केली, शाब्बास' असलं तर चुकूनही नको. आठव्या दिवशी नोंद राहिली म्हणून रडलेली बाई मला माहीत आहे. लसींची आठवण मात्र ठेवा, जन्माची आणि मग ६, १० आणि १४ आठवड्यांची. सोपं आहे, कामाचं आहे, त्यावर अधिक बोलायला काही नाही.

आयांचा गट सध्या नको. रात्री तीन वाजता औषधाचं नाव सुचवणारी एक जण प्रत्येक गटात असतेच आणि त्या वेळी तुमचा मॉडरेटर झोपलेला असतो. चॅटबॉट ठेवलाच तर तपासलेल्या मजकुरातलंच उत्तर देऊ द्या, आणि 'ताप', 'झटका', 'जीव नको' असे शब्द दिसले की त्याने बोलणं थांबवून फोन लावून द्यायचा.

आज्यांशी भांडू नका. खोलीत ॲपपेक्षा त्यांचा शब्द चालतो आणि बऱ्याच बाबतीत चालू द्यावा. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, खारीक-खोबरं, बाळंतिणीला उचलू न देणं यात वाईट काय आहे? अडवायच्या गोष्टी मोजक्या आहेत: सहा महिन्यांच्या आत बाळगुटी आणि पाण्याचे थेंब, वर्षाच्या आत मध, बंद खोलीत शेगडी-धुरी, काजळ, आणि आईचं पाणी तोडणं. यासाठी आम्ही सुनेला उद्देशून लिहिणं सोडलं आणि आजीसाठी एकेका मिनिटाचे ऑडिओ केले, आजीच्याच वयाच्या सिस्टरच्या आवाजात. 'तुमच्या वेळी गुटी देत होते, बरोबर आहे. आता डॉक्टर काय बघतात ते सांगते.' सुनेने फक्त फोन पुढे करायचा. वाद तिच्या तोंडून होत नाही. ऑडिओ कानाला लावूनही ऐकता आला पाहिजे, नाहीतर शेजारी झोपलेलं बाळ उठतं.

एक बटण कोणीही मागणार नाही, तरी ते पहिल्या आवृत्तीपासून हवं: 'बाळ राहिलं नाही'. एका बाईचं बाळ नवव्या दिवशी गेलं. महिन्याने तिच्या नवऱ्याच्या फोनवर आमच्या ॲपचा फुग्यांचा निरोप आला, 'आज तुमचं बाळ एक महिन्याचं झालं!' त्याने आम्हाला शिवीही दिली नाही. फक्त विचारलं, हे बंद कसं करायचं. बंद करायला सेटिंगमध्ये चार पायऱ्या होत्या. हे बटण घरातलं कोणीही दाबू शकेल असं ठेवा, कारण विचारू नका, आणि बाळाचे सगळे निरोप त्या क्षणी थांबवा. आईचे मात्र थांबवू नका. ती बाळंतीण आहेच. रक्तस्राव, ताप, रक्तदाब सगळं तिला होऊ शकतं, आणि दोन-चार दिवसांत तिला दूधही येतं. त्या दुधाचं काय करायचं, हे तिला घरात कोणी सांगत नाही आणि तीही विचारत नाही. तो एक निरोप फार हळू हाताने लिहून घ्या.

पैशाचं तुम्ही विचारलं नाही, पण येईलच. पहिला जाहिरातदार दुधाच्या पावडरवाला किंवा बाटलीवाला असेल. त्याला थेट नाही म्हणा. १९९२ च्या कायद्याने बाळांची दूध पावडर, दुधाच्या बाटल्या आणि दोन वर्षांच्या आतल्या मुलांचे खाद्यपदार्थ यांच्या जाहिरातीला आपल्याकडे बंदी आहे. नमुने, कूपन, प्रायोजित लेख या आडवाटाही नकोत. तुमचं गिऱ्हाईक म्हणजे बाळंतपणाचं पॅकेज विकणारा दवाखाना किंवा बाईला नोकरीवर ठेवणारी कंपनी. पण तिची उत्तरं त्या दोघांनाही दिसता कामा नयेत, विशेषतः कंपनीला. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा वकिलाकडून समजून घ्या. त्याआधी एक साधं काम करा: लॉक स्क्रीनवर 'आज उदास वाटतंय का?' असं झळकवू नका. 'तुमच्यासाठी एक निरोप आहे' पुरे. फोन कोणाच्या हातात आहे हे तुम्हाला माहीत नसतं.

तर तुमच्या अकरांतून उरलं काय: लसींची आठवण आणि दोन आठवड्यांपुरत्या नोंदी. त्यात घाला धोक्याच्या खुणा, ठरलेल्या दिवशी जाणारे निरोप, 'कुठे आहात', ते एक बटण आणि पलीकडे एक सिस्टर. कोड लिहायच्या आधी वीस जणींबरोबर हे सगळं ४२ दिवस हाताने चालवा: एक अनुभवी सिस्टर अर्धवेळ पगारावर, व्हॉट्सॲप आणि एक वही. कोणत्या दिवशी कोणता प्रश्न येतो, ते वहीत लिहा. तुमची खरी यादी त्यातून निघेल.

आणि स्क्रीन तयार झाली की ऑफिसात बसून तपासू नका. घरी जा, सकाळी मालिश-आंघोळ आटोपून बाळ झोपलं की साधारण अकरा-साडेअकराला बाई मोकळी असते. ते जमेपर्यंत निदान एवढं करा: रात्री खोलीतला दिवा बंद, फोनचा उजेड अगदी कमी, डाव्या हातावर तीन किलो तांदळाची पिशवी, तिला हलवायचं नाही, आणि उजव्या अंगठ्याने 'तासाभरात घडी भिजते का' इथपर्यंत पोचायचं. घड्याळ लावा. आमच्या टीममधल्या पाचांपैकी चौघांनी पहिल्या खेपेला पिशवी खाली ठेवली होती, आणि पाचवा लॉगिनचा ओटीपी शोधत बसला होता.